दूर राहण्याची दया



रुग्णाच्या भेटीस जाणें हें दयेचें कृत्य होय, असें आम्ही या माणगांवांत नित्य सांगत आलों. आज महोत्सवानिमित्त त्याची दुसरी बाजू सांगतों.

३ डिसेंबर १९६७ रोजीं केपटाउन येथें जगांतील पहिलें मानवी हृदयप्रत्यारोपण झालें. नवें हृदय चाललें. परंतु १८ दिवसांनीं रोगी न्यूमोनियानें दगावला. पुढें १९६८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं असाच प्रयत्न केला. आज मुंबईंत अशा शस्त्रक्रिया होतात, आणि रुग्ण आपापल्या गांवीं परततात.

शरीर परक्या हृदयास शत्रु समजतें. म्हणून त्याची प्रतिकारशक्ति औषधांनीं जन्मभर दाबून ठेवावी लागते. मग आपणांस क्षुल्लक वाटणारें पडसेंही त्या रुग्णाच्या जिवावर बेततें. जुन्या पेंढ्याची बुरशी व भातखाचरांतील चिखल यांचेंही त्यास भय असतें. तथापि त्यानें औषध स्वतःच्या मनानें सोडूं नये. ताप येतांच डॉक्टरांस गांठावें.

आपणांस खोकला असेल, तर उंबरठ्याबाहेरूनच त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. प्रभु येशूनें शताधिपतीच्या चाकरास दुरूनच बरें केलें. तो आपणां सर्वांस हा विवेक देवो.