निमंत्रण आणि परवाना



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी इंदूर सोडून फारसा प्रवास केला नाही. परंतु परगावच्या एखाद्या अभ्यासकाचे पत्र आले, की ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवीत आणि आपण काय उत्तर धाडणार हेही सांगत. विद्या भेटीगाठींतून आणि वादांतून वाढते, हे आम्ही प्रथम त्यांच्यापाशी पाहिले. म्हणूनच, माझ्याकडून संतसाहित्यावरील भाषणाची अपेक्षा असताना, मी आज एक रूक्ष वाटणारा विषय घेतला आहे : परदेशातील विद्वत्परिषदेला जाण्यासाठी लागणारा व्हिसा. या शाळेचे पुष्कळ विद्यार्थी आज संशोधनात आहेत आणि त्यांतील काहींना निमंत्रणे येतात. निमंत्रण येणे आणि जाता येणे यांत जे अंतर आहे, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. मराठीच्या प्राध्यापकाला तेवढी मुभा असावी. 'व्हिसा' हा मूळचा लॅटिन शब्द. पाहिलेला, तपासलेला कागद असा त्याचा आशय. पासपोर्टला आपण 'पारपत्र' हा नेटका शब्द दिला. व्हिसासाठी केलेला 'प्रवेशपरवाना' मात्र कचेरीबाहेर पडला नाही. वस्तू म्हणाल तर ती आपल्याला नवी नव्हे. पेशवाईच्या कागदपत्रांतून 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द भेटतात. दस्तक दाखविले की चौकीवाला वाट सोडी. तो माल पाही, माणसे मोजी. हा प्रवासी परत आपल्या घरी जाणार की नाही, अशी चौकशी त्याने केल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

विद्वानांच्या प्रवासाचे आपल्याकडील ठळक उदाहरण डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे. 1874 साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेला ते स्वतः गेले नाहीत. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनी पाठविला. पुढे 1886 साली व्हिएन्नाच्या परिषदेला मात्र ते उपस्थित राहिले. त्या काळी अशा प्रवाशाला अडविणारे असत ते घरचे लोक. समुद्र ओलांडला म्हणजे प्रायश्चित्त घ्यावे काय, पंक्तीला बसू द्यावे काय, हे प्रश्न परतल्यावर उभे राहत. परक्या देशाचे दार त्या मानाने उघडे होते. पहिल्या महायुद्धानंतर पारपत्र आणि व्हिसा यांची व्यवस्था पक्की झाली. आपल्याकडे पारपत्राचा कायदा 1920 साली झाला. तरीही ब्रिटनला पाहुणा म्हणून जाणाऱ्या भारतीयाला 1986 पर्यंत आगाऊ व्हिसा काढावा लागत नसे. आज सनातनी घरातील मुलगाही परदेशी गेला तर पेढे वाटले जातात. दार बंद करण्याचे काम आता पलीकडच्या बाजूने होते, एवढाच काय तो फरक.

आता या व्यवस्थेच्या गाभ्याकडे येतो. आपल्या कायद्याच्या कल्पनेप्रमाणे गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानला जातो. व्हिसाच्या खिडकीपाशी हे तत्त्व उलटे फिरते. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात तर ते स्पष्टपणे लिहिले आहे : तात्पुरत्या भेटीसाठी येणारा बहुतेक प्रत्येक अर्जदार हा कायमचा राहावयास येत आहे असेच गृहीत धरावयाचे, तसे नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. मोठ्या नावालाही यातून सूट असते असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक, रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता हे 2006 साली एका जागतिक विज्ञानसंघटनेचे अध्यक्ष होते. फ्लोरिडातील विद्यापीठाने त्यांना बोलाविले होते, आणि चेन्नईत त्यांना व्हिसा मिळाला नाही. त्यांच्या बाबतीत शंका होती ती त्यांच्या विद्येचीच. रसायनशास्त्राचा दुरुपयोग होईल अशी. गवगवा झाल्यावर मग व्हिसा देऊ करण्यात आला. ज्याच्यासाठी वर्तमानपत्रे गवगवा करणार नाहीत, त्याचे काय होते?

2018 साली युरोपातील एका विद्यापीठात भक्तिसाहित्यावर परिषद होती. माझी एक विद्यार्थिनी आणि मी, दोघांचेही निबंध स्वीकारले गेले. तिचा विषय माळव्यातील मराठी घरांतून मिळालेली भजनांची हस्तलिखित बाडे. देवास, धार, उज्जैन येथील माजघरांत बसून तिने वृद्ध स्त्रियांकडून त्या भजनांच्या चाली ऐकल्या होत्या, टिपून घेतल्या होत्या. माझा निबंध जुन्याच वाचनावर बेतलेला होता. दोहोंत नवे काम तिचे होते, हे मी विनयाने नव्हे, परीक्षक म्हणून सांगतो.

आम्ही अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला गेलो. दोघांच्या फायली सारख्याच जाड : निमंत्रणपत्र, तीस हजार युरोंचा प्रवासविमा, राहण्याची सोय, बँकेचा हिशेब, आयकराचे कागद. दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले. माझ्या वयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात, ते यंत्र मला तीनदा हात पुसावयास सांगत होते. परंतु बाकी सर्व माझ्या बाजूने होते. निवृत्तिवेतन दरमहा जमा, घर स्वतःच्या नावावर, मुले-नातवंडे इंदुरातच. तिच्याकडे यांतले काही नव्हते. ती अविवाहित, घर भाड्याचे, आणि महाविद्यालयात नेमणूक 'अतिथी विद्वान' म्हणून. मध्यप्रदेश शासनाने हंगामी अध्यापकांना दिलेले हे नाव किती भारदस्त आहे! त्यामागे मानधन असते ते कामाच्या दिवसांचे, त्यामुळे तिच्या बँकेच्या पुस्तकात सुट्टीचे महिने कोरडे होते.

मला व्हिसा मिळाला. तिला एक छापील कागद मिळाला. त्यावर नकाराची कारणे आधीच छापलेली असतात आणि लागू पडेल तेथे खूण केलेली असते. मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याची खात्री पटली नाही, अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण होती. शुल्क परत मिळत नाही. तिच्या निबंधाविषयी त्या कागदावर एक अक्षर नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, कारण तो कोणी वाचावा अशी त्या व्यवस्थेची अपेक्षाच नाही. स्वतःच्या गावी 'अतिथी' म्हणून नेमलेली ही मुलगी परक्या गावी आठवडाभराची अतिथी होऊ शकली नाही.

परिषदेत तिचा निबंध मी वाचला. वाचन नीट झाले, लोकांनी दादही दिली. नंतर एका वयस्कर संशोधिकेने विचारले, की हेच भजन पंढरपूरकडे म्हणतात त्या चालीहून माळव्यातील चाल कोठे वेगळी पडते? शब्दांतला पाठभेद मला सांगता आला. चाल कोठे वळते, कोणत्या अक्षरावर थांबते, हे मी त्या स्त्रियांपाशी बसलो नव्हतो म्हणून मला ठाऊक नव्हते. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना येऊ दिलेले नाही, असे मी म्हणालो. सभागृहात क्षणभर शांतता झाली आणि अध्यक्षांनी पुढील वक्त्याचे नाव पुकारले. भांडारकरांनी 1874 साली निबंध पाठविला तेव्हाही त्यांना प्रश्न विचारू इच्छिणारे कोणी असेल. पण निबंध पाठविण्याची सक्ती त्यांच्यावर कोणा वकिलातीने केली नव्हती.

तरुण संशोधकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. निमंत्रणपत्रात तारखा, निबंधाचे नाव आणि खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहून घ्यावे. केवळ 'आपले स्वागत आहे' या वाक्याचा उपयोग नाही. युरोपातील शेंगेन देशांसाठी आता सहा महिने आधी अर्ज करता येतो. निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. शुल्क 2018 साली साठ युरो होते, जून 2024 पासून नव्वद आहे. नकाराविरुद्ध अपील करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती : हंगामी अध्यापकाला, तो परतल्यावर पुढील सत्रात त्याला काम मिळणार असेल तर, तसे लेखी द्या. शिक्का मारण्यास आपल्याला मिनिटही लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, पाश्चात्त्यांचा हा अहंकार आहे. तसे म्हणून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याच 2018 च्या जुलैत दिल्लीला आशियाविषयक अभ्यासकांची एक मोठी परिषद झाली आणि तिच्यासाठी पाकिस्तानी अभ्यासकांना आपल्या सरकारने व्हिसा नाकारला. त्यांचेही निबंध स्वीकारलेले होते. राष्ट्राच्या सुरक्षेचा विचार शासनाने करू नये असे मी म्हणत नाही. पण माणसाचा अर्ज तपासणे वेगळे आणि त्याच्या पारपत्राचा रंग पाहून फाईल मिटणे वेगळे.

माझ्या त्या विद्यार्थिनीला यंदा पुन्हा निमंत्रण आले आहे, दुसऱ्या देशाचे. नेमणूक अद्याप कायम झालेली नाही. पडद्यावरून बोलण्याची सोय आयोजकांनी देऊ केली होती. ती तिने नाकारली. चाली म्हणून दाखवायच्या आहेत सर, आणि समोरच्यांकडून ऐकायच्याही आहेत, असे ती म्हणाली. पुढच्या सोमवारी ती मुंबईला जाणार आहे. प्राचार्यांचे पत्र या वेळी फायलीत सर्वांत वर लावले आहे.