भावविकारांत औषध आणि घरची शुश्रूषा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जैन परंपरेत तपाचे बाह्य आणि अभ्यंतर असे दोन भेद मानले आहेत. अनशन हे बाह्य तप होय, तर वैयावृत्य, म्हणजेच सेवाशुश्रूषा, हे अभ्यंतर तप होय. घरात भावविकाराचा रुग्ण असेल, तर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा लागतो.

नैराश्यात दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खचलेले राहते. झोप, भूक आणि उमेद हरपते. उन्मादात याच्या उलट घडते. झोप नसूनही थकवा जाणवत नाही, बोलणे आवरत नाही आणि पैसा पाण्यासारखा खर्च होतो. एकाच व्यक्तीस या दोन्ही अवस्था येतात, तेव्हा त्यास द्विध्रुवी विकार म्हणतात. हा स्वभावदोष नव्हे, आजार आहे.

या आजारावरील एक जुने व प्रभावी औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या १० रुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कचे डॉ. मोगेन्स शाऊ यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. लिथियममुळे उन्माद शमतो, तो पुन्हा उद्भवण्याचा संभव घटतो आणि आत्महत्येचा धोकाही कमी होतो. परंतु गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते, ते १.५ च्या वर गेले की विषबाधेची भीती असते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचीही तपासणी ठरावीक काळाने करावी लागते.

उपवासाचा संबंध येथेच येतो. लिथियम हा मिठातील सोडियमचा भाऊबंद आहे. शरीरातील पाणी व मीठ घटले, की मूत्रपिंड सोडियम राखून धरते आणि त्याबरोबर लिथियमही शरीरात साचू लागते. त्यामुळे निर्जळ उपवास, अठ्ठाई किंवा अळणी आयंबिल या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. कडक उन्हातला घाम, जुलाब, उलट्या आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी यांमुळेही हाच धोका संभवतो. हातांना जोराचा कंप, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणे, जीभ जड होणे, गुंगी किंवा गोंधळलेपणा दिसताच पुढची गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

चौविहार पाळणारा रुग्ण कित्येकदा रात्रीची गोळी मुकाट्याने चुकवतो. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितल्यास बहुधा तिची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि व्रताचा संकल्प करण्यापूर्वी गुरुमहाराजांनाही आजाराची कल्पना द्यावी. औषध मनाने बंद करू नये आणि मनाने वाढवूही नये.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. द्विध्रुवी रुग्णास त्या एकट्याच दिल्यास उन्माद उफाळू शकतो. म्हणून पूर्वीच्या उन्मादाची हकिकत डॉक्टरांपासून लपवू नये. मूल होऊ शकेल अशा वयातील स्त्रीस व्हॅलप्रोएट दिले जात असेल, तर गर्भास धोका असल्याने डॉक्टरांशी आधीच बोलणे अगत्याचे आहे.

घरच्यांचे काम गोळी हातावर ठेवण्यापुरते नसते. झोपेची आणि जेवणाची वेळ सांभाळणे, रात्रीची झोप अचानक कमी झाली तर तिची नोंद ठेवणे आणि व्यवहारातील वाढती उधळपट्टी वेळीच ओळखणे ही खरी शुश्रूषा होय. औषध भाजीत कालवून चोरून देऊ नये; विश्वास एकदा उडाला की उपचार तिथेच खुंटतो. जोखमीच्या काळात गोळ्यांचा साठा घरच्यांनी स्वतःजवळ ठेवावा. रुग्णाच्या मनात मरणाचे विचार येतात का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मन हलके होते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

समाजात सर्वांत मोठी अडचण आहे ती लपवाछपवीची. मुलीचे लग्न ठरले की औषध बंद करायचे आणि सासरी कोणास कळू द्यायचे नाही, असे अनेक घरांत घडते. नवे घर, जागरणे आणि औषध बंद, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आजार परततो, आणि दोष मात्र मुलीच्या माथी येतो. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते. तितक्याच मोकळेपणाने ही गोळीही घेता आली पाहिजे.

रुग्णाचा उपवास घडला नाही म्हणून त्यास कोणी हिणवू नये. त्याच्या उशाशी बसून वेळेवर पाणी आणि औषध देणाऱ्याच्या हातून वैयावृत्यच घडत असते. अशा घरांना समाजाने शब्दाचा, वेळेचा आणि गरज पडेल तिथे पैशाचाही आधार द्यावा, ही नम्र विनंती.