आधी थेरपी, मग बाटली

अहिल्यानगर जिल्ह्यात स्वमग्न मुलं वाढवणाऱ्या आई-वडिलांशी आज अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या-सिरपांविषयी बोलायचंय. मुद्दा एकच: आधी थेरपी, मग बाटली.

काही स्वमग्न मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन हे शरीरातलं अँटिऑक्सिडंट कमी आढळतं, हे खरं आहे. म्हणूनच ते वाढवणारी औषधं तपासली गेली. २०१२ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन बारा आठवडे दिलं, तेव्हा मुलांची चिडचिड कमी झाली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे शंभर मुलांवर त्याच औषधाचा सहा महिने प्रयोग झाला. तिथं फायदा दिसला नाही. या औषधानं मूल बोलू लागलं, असं तर कुठंच सिद्ध झालेलं नाही.

संगमनेर-राहात्याच्या डाळिंबवाल्यांना हे लगेच पटेल. मुळाशी पाणी नाही, छाटणी राहिलीय आणि आपण पानांवर टॉनिक फवारतोय! बाग धरेल का? पाणी, छाटणी वेळेवर असेल आणि तपासणीत कमतरता निघाली, तर फवारणीला अर्थ. तीही मोजून, नाहीतर पानं करपतात. सिरपात अ जीवनसत्त्व असेल, तर त्याचंही तसंच; जादा झालं की यकृतात साठतं आणि बाधतं. म्हणून बाटली आणली असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चालू असलेली औषधंही सांगा.

मुळाशी पाणी म्हणजे थेरपी. घरी ती कशी करायची? शेंगदाण्याचा लाडू हातात धरून थांबायचं. मुलानं तुमच्याकडे पाहिलं, बोट दाखवलं, की लगेच द्यायचा आणि 'लाडू' म्हणायचं. रोज, न कंटाळता. सिरपापायी स्पीच थेरपी बंद करणाऱ्यांवर मी रागावणारच! पैसा एकदाच खर्च होतो, आणि लहान वय परत येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. मूल हाकेला वळत नसेल, तर त्यांना स्पष्ट सांगा. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता आहे, प्रमाणपत्र मिळतं. अशा मुलांसाठीच्या निरामय आरोग्यविम्यात एक लाखापर्यंत खर्चाची सोय आहे, तीत थेरपीही येते.

तेव्हा पुन्हा सांगते: आधी थेरपी, मग बाटली, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगा.