दोन पाटणांची गोष्ट



आपल्या झरी जामणी तालुक्यात पाटण आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आज मी सांगणार आहे ती मात्र दुसऱ्या पाटणची हकीकत. हे पाटण पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ. सन २००६ च्या ऑक्टोबर अखेरीस तिथे देशोदेशीची सुमारे दोन हजार माणसे गोळा झाली. जत्रा नव्हती की उरूस नव्हता. ती आली होती माल कालवायला, भिंती उभारायला. गरीब कुटुंबांसाठी १०० घरे आठवडाभरात उभी करायची, असा बेत होता. त्यांत ८२ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह कामाला लागले होते. ते होते अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर!

हे काम ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचे. फुलर नावाच्या एका ख्रिस्ती दांपत्याने ती १९७६ साली अमेरिकेत काढली. तिकडे चर्चची मंडळी रजा काढतात, पदरचे पैसे घालतात आणि परमुलखात जाऊन घरे बांधू लागतात. कार्टर स्वतः आपल्या गावच्या चर्चमध्ये रविवारी बायबलचा वर्ग घेत. २०२४ च्या डिसेंबरात, शंभरी गाठून ते वारले.

आता तुम्ही म्हणाल, “अहो, इतक्या लांबून यायचे भाडे किती! तेच पैसे इथे पाठवले असते तर आणखी घरे झाली नसती का? आणि आमचा गवंडी काय हात बांधून बसला आहे?” प्रश्न रास्त आहे. हौशी पाहुण्यापेक्षा आपला गवंडी भिंत सरळ उभी करील, यात शंका नाही. गवंड्याची रोजी बुडवून कोणी सेवा करू लागला, तर ती सेवा कसली? तेव्हा विटा किती रचल्या, एवढ्यावरून या कामाचे मोल ठरत नाही.

मग ते कशावरून ठरते? या संस्थेचा एक नियम ऐका. घर फुकट मिळत नाही. ज्याचे घर, त्याने स्वतः अंगमेहनत करायची आणि घराची रक्कम झेपेल अशा हप्त्यांनी फेडायची. संस्था त्यावर नफा घेत नाही. म्हणजे घरधनी हात पसरून उभा नसतो, तो घमेले घेऊन उभा असतो. पाहुणा त्याच्या हाताखाली येतो. हे आपल्याला नवीन आहे का? कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक म्हणतात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. घेणाऱ्याची मान त्यात खाली जात नाही.

दुसरी गोष्ट कार्टरांच्या आईची. लिलियनबाई पेशाने परिचारिका. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, त्या ‘पीस कोअर’ मधून मुंबईजवळ विक्रोळीला आल्या. सुमारे दोन वर्षे राहिल्या आणि कामगारवस्तीत रोग्यांची शुश्रूषा केली. मुलगा आठवडाभर आला, आई दोन वर्षे राहिली. आठवडाभरात भिंत उभी राहते. पण माणसाची ओळख व्हायला राहावे लागते. राहिल्याशिवाय काय विचारायचे तेच कळत नाही.

हे आपल्या तालुक्यालाही लागू आहे. इथे कोलामांचे पोड आहेत. कुडाची भिंत, वर मातीचा लेप, वैशाखाच्या उन्हातही आत गारवा. २०२३ साली जनमन योजना निघाली आणि कोलामांसारख्या जमातींसाठी पक्क्या घरांची तरतूद झाली. फार चांगले झाले. पावसाळ्यात गळके छप्पर कोणाला हवे आहे? पण पक्के घर बांधताना कोलाम आजीला कोणी विचारले का, की चूल कुठे हवी, दार कोणत्या दिशेला हवे, बांबूच्या टोपल्या विणायला सावलीची ओसरी हवी का? न विचारता बांधलेल्या घरात पुढे शेळ्या बांधल्या जातात आणि माणूस बाजूला पुन्हा कूड घालतो. मग आपण म्हणतो, “यांना घराची किंमत नाही!” चूक त्यांची की आपली?

गुरुजी, तुमच्या शाळेची मुले श्रमदानाला निघतील तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. आधी घरधन्याला विचारा, मग हत्यार उचला. गवंड्याला गुरू माना आणि त्याची मजुरी चुकती करा. आणि घर पुरे झाल्यावर, पहिल्या पावसानंतर, पुन्हा जा. छप्पर गळते का ते बघा. गळत असेल, तर श्रमदान अजून संपले नाही असे समजा.

गाडगेबाबा गावात पाऊल टाकत ते हातात झाडू घेऊन. त्यांना बोलायचे असे पुष्कळ, पण आधी गाव झाडून होई. सेवेचा धडा सातासमुद्रांपलीकडून येवो की विदर्भातल्याच मातीतून, तो एकच आहे. ज्याचे घर बांधायचे, त्याला याचक करू नका; त्याला यजमान राहू द्या. त्याने आपल्या हातांनी सारवलेल्या ओसरीवर बसून दिलेला चहाचा कप, हीच आपली मजुरी.