जुन्या वस्तूंची खरेदी, रोख रक्कम आणि अचौर्य अणुव्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या मंगल सोहळ्यात तप, त्याग आणि स्वाध्याय यांवर विवेचन व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु श्रावकाचा जितका वेळ मंदिरात जातो, त्याहून कितीतरी अधिक वेळ दुकानाच्या गादीवर जातो. धर्माची खरी परीक्षाही बहुधा तेथेच होते. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय गादीवरचाच आहे : जुनी वस्तू विकत घेताना रोख पैसे देण्या-घेण्यावर कायद्याने घातलेली बंधने. विषय रुक्ष आहे खरा. पण मोडीचे सोने, भंगार, जुने मोटारपंप, जुन्या दुचाकी यांच्या व्यवहारावर आपल्या परिसरातील अनेक घरांच्या चुली पेटतात.

दर्यापूर हे चंद्रभागेच्या काठचे, पूर्णेच्या खोऱ्यातील गाव. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे कापूस, तूर, मूग, हरभरा ही पिके मुख्यतः आभाळाच्या भरवशावर. मृग नक्षत्राच्या आसपास बियाण्याला आणि खताला पैसा लागतो, त्या वेळी घरातील सोने बाहेर निघते. काही गहाण पडते, काही मोडले जाते. सराफाच्या गादीवर पाटल्यांची जोडी येते तेव्हा तिच्यासोबत एका कुटुंबाची अनेक वर्षांची बचत येत असते. विकणारी माउली घाईत असते, तिला रोकड हवी असते. सराफ वजन करतो, कस पाहतो, घट वजा करतो आणि नोटा मोजून देतो. दोघांचाही हेतू निर्मळ असतो. तरीही कायदा येथे दोन प्रश्न विचारतो : ही वस्तू कोणाची, आणि हा पैसा कोणत्या वहीतला?

हे प्रश्न नवे नाहीत. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि नवे दागिने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे घडविण्यास मनाई झाली. पुढे १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. सराफाला परवाना आणि सोन्याचा काटेकोर हिशेब अनिवार्य झाला. तो कायदा १९९० साली रद्द झाला. त्याच १९६८ सालच्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४०अ(३) घातले. २,५०० रुपयांपेक्षा मोठा व्यापारी खर्च रेखांकित धनादेशाने वा ड्राफ्टने करावा, रोखीने केल्यास तो खर्च म्हणून मान्य होणार नाही, असा त्याचा आशय होता. ही मर्यादा पुढे वाढत वाढत २०,००० रुपयांवर गेली आणि २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ती १०,००० रुपयांवर आणली गेली.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात कलम २६९एसटी आले. विधेयकात तीन लाखांची मर्यादा सुचविली होती. संसदेत संमत होताना ती दोन लाखांवर आली. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई झाली. ही मनाई तीन प्रकारे मोजली जाते : एका व्यक्तीकडून एका दिवसात, एकाच व्यवहारापोटी, अथवा एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी. त्याआधीच, १ जानेवारी २०१६ पासून, दोन लाखांवरील वस्तूंच्या खरेदी-विक्रीत पॅन नमूद करणे बंधनकारक झाले होते. डिसेंबर २०२० मध्ये, एका ग्राहकाशी दहा लाख रुपये वा अधिक रोख व्यवहार करणारे सोने-चांदी व रत्नांचे व्यापारी अवैध धनशोधन प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. २०२५ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले. रोखीवरील बंधनांचे तत्त्व मात्र कायम ठेवले गेले.

आता हे नियम त्या पाटल्यांना लावून पाहावेत. समजा, पाटल्यांची किंमत १,६०,००० रुपये झाली आणि सराफाने सर्व रक्कम रोख दिली. दोन लाखांची मर्यादा ओलांडली गेली नाही, म्हणून विक्रेती निर्धास्त. सराफाची मात्र एका व्यक्तीला एका दिवसातील रोख रक्कम १०,००० रुपयांपलीकडे गेली. ती खरेदी खर्च म्हणून अमान्य होऊ शकते. म्हणजे जे सोने घेण्यात पैसा गेला, तोच पैसा नफा समजून त्यावर कर भरावा लागतो.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. किंमत २,४०,००० रुपये झाली आणि सगळी रक्कम रोख दिली गेली. येथे दंड घेणाऱ्यावर असतो. तो स्वीकारलेल्या रकमेइतका, म्हणजे २,४०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. सबळ कारण सिद्ध केल्यास दंड टळतो. पण ते सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावरच असतो. पेरणीसाठी पाटल्या मोडणाऱ्या बाईला हे ठाऊक नसते. सराफाला ठाऊक असते, निदान असायला हवे. म्हणून ‘गरिबाची अडचण ओळखून रोख दिली’ हे वाक्य कानाला कितीही गोड लागले, तरी अशा वेळी देणारा आपल्या सोयीचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवीत असतो. धनादेश किंवा खात्यात थेट भरणा हीच येथे खरी सहानुभूती ठरते.

याला पळवाट म्हणून एकाच सौद्याच्या तीन पावत्या करण्याची रीत काही ठिकाणी आढळते : एक पावती बाईच्या नावे, एक मुलाच्या, एक सुनेच्या. एकाच व्यवहारापोटीची रक्कम कायदा एकत्रच मोजतो, त्यामुळे ही युक्ती टिकत नाही. आणि ती टिकली असती, तरी श्रावकाला शोभली नसती. त्याचे कारण आयकर कायद्याच्या फार पूर्वी सांगून ठेवलेले आहे.

आचार्य उमास्वाती, ज्यांना दिगंबर परंपरेत उमास्वामी म्हणतात, त्यांनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. कूटलेख म्हणजे खोटा दस्त, खोटी नोंद. नावे फोडून केलेली पावती याहून वेगळी ती काय? तेथेच ‘न्यासापहार’ हाही अतिचार आहे. विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे, हा त्याचा अर्थ. गहाणाच्या दागिन्याचा व्यवहार करणाऱ्याने तो शब्द रोज आठवावा असा आहे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तर आजच्या विषयाचा गाभाच सापडतो. ‘तदाहृतादान’ म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. स्वतः चोरी केली नाही, एवढ्याने व्रत पाळले जात नाही; चोरीचा माल स्वस्तात घेणाराही व्रताला डाग लावतो. ‘विरुद्धराज्यातिक्रम’ या अतिचारात राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून केलेला व्यापार येतो, असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्यात खोटे मिसळून खपविणे. चोरीचा माल, नियमभंग आणि भेसळ या तिन्ही गोष्टी जुन्या वस्तूंच्या बाजारात सर्वाधिक संभवतात. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ प्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो कायम आहे. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

‘तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेतातील मोटारपंपाची केबल कापून नेली जाते, जाळून आतले तांबे काढले जाते आणि ते भंगारात येते. जळके तांबे किलोवर तोलणाऱ्याला ते कोठून आले असेल याची शंकाही येऊ नये, असे कसे म्हणता येईल? नुकसान मात्र ऐन ओलिताच्या वेळी पंप बंद पडलेल्या शेतकऱ्याचे होते. रोख घेऊन निघून गेलेल्या माणसाचा पत्ता उरत नाही. पोलीस मालाचा माग काढीत येतात तेव्हा दुकानदाराजवळ ना नाव असते, ना पावती. ज्याने वही ठेवली, ओळखपत्राची प्रत घेतली, पैसे खात्यात भरले, त्याच्याजवळ निदान स्वतःच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो.

अन्य देशांनीही याच अनुभवातून कायदे केले. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या तांब्याच्या तारांची चोरी वाढल्यावर डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगार धातूच्या खरेदीत रोख पैसे देणे गुन्हा ठरले. १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या स्वतंत्र भंगार कायद्याने विक्रेत्याची ओळख पटविणे व नोंद ठेवणेही आवश्यक केले. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०११ साली याहून पुढे जाऊन, नेहमी जुन्या वस्तू घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या रोख व्यवहारांवर बंदी आणली. छोट्या विक्रेत्यांच्या हालांमुळे तिच्यावर टीका झाली. भारतात भंगारासाठी अशी सरसकट रोखबंदी करण्याऐवजी कराच्या मार्गाने हिशेब मागितला गेला. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने वस्तू व सेवा कर स्वतः भरावा, असा नियम झाला.

या नियमांविरुद्धचे आक्षेपही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. वृद्ध विधवेला बँकेची पायरी चढणे जड जाते. दवाखान्याची निकड मध्यरात्री येते आणि बँक सकाळी उघडते. हातगाडीवर रद्दी-लोखंड गोळा करणाऱ्याची रोजची कमाई रोख येते आणि रोख जाते. कायद्याने याचा काही विचार केला आहे : शेतकऱ्याला त्याच्या पिकाची किंमत रोख देण्यास आणि बँकेची सोय नसलेल्या गावातील रहिवाशाला तेथेच रोख देण्यास १०,००० रुपयांच्या नियमातून सवलत ठेवली गेली. परंतु दागिना हे पीक नव्हे आणि दर्यापुरात बँका आहेत. म्हणून उरलेली अडचण माणसांनीच दूर करायची आहे. सराफाने दुकानातील जाणत्या मुलाला त्या बाईसोबत बँकेत पाठवावे. निकड असेल तेवढी रक्कम मर्यादेत राहून हातात द्यावी, बाकीची खात्यात भरावी. वजन, कस, घट आणि त्या दिवसाचा भाव लिहिलेली पावती मराठीत वाचून दाखवावी. यास अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासाचे मोल कोणत्याही दानापेक्षा कमी नाही.

एक सावधानतेची सूचनाही आवश्यक आहे. पैसे खात्यातून गेले म्हणजे व्यवहार पवित्र झाला, असा नवा भ्रम निर्माण होऊ नये. धनादेशाने घेतलेले चोरीचे सोने चोरीचेच असते. खात्यात भरलेली रक्कम योग्य वजनापेक्षा कमी असेल, तर हीनाधिक मापाचा दोष धुतला जात नाही. रोख टाळल्याने माग राहतो. ‘ही वस्तू कोणाची?’ हा प्रश्न मात्र घेणाऱ्यालाच विचारावा लागतो. कायदा रकमेच्या मर्यादेपाशी थांबतो. व्रत पाचशे रुपयांच्या पितळी घागरीलाही लागू असते.

शेवटी, जे व्यापाऱ्याला सांगायचे ते संस्थांनीही पाळले पाहिजे. जीर्णोद्धारानंतर निघालेले जुने लोखंड, पंखे, भांडी विकताना दरपत्रके घ्यावीत, पैसे संस्थेच्या खात्यात यावेत, नोंद ठरावासह असावी. बोलीची रक्कमही याच शिस्तीत यावी; एका दात्याची एकाच प्रसंगाची दोन लाखांची रोख रक्कम स्वीकारल्यास दंडाचा भार संस्थेवर येतो. २०१७-१८ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीला कलम ८०जीची सवलत मिळेनाशी झाली, हेही दात्यांना सांगावे. जुन्या मूर्ती आणि हस्तलिखिते तर भंगाराच्या किंवा विक्रीच्या यादीत कधीही येऊ नयेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे, आणि श्रद्धेने त्याआधीच दिले आहे.

पूर्वजांनी वऱ्हाडात पत मिळविली ती वहीच्या बळावर. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते, तेव्हा त्या वहीतील प्रत्येक ओळ खरी असावी हीच त्या पूजेची अपेक्षा असते. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक दुकानदार श्रावकाने एवढाच नियम घ्यावा : जिचा धनी ठाऊक नाही ती वस्तू घेणार नाही, आणि जी रक्कम वहीत लिहिता येणार नाही ती देणार-घेणार नाही.

जय जिनेंद्र!