मी पाहिलं होतं, तरी गप्प बसले
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मला युद्धविरोधी चळवळीवर बोलायला सांगितलंय. पण मी चळवळीतली नव्हते. १९७० साली मी अमेरिकेत, ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात शिकत होते, एवढंच.

३० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हिएतनाम युद्धातलं सैन्य कंबोडियात पाठवल्याचं जाहीर केलं आणि निदर्शनं सुरू झाली. शनिवारी आवारातली लष्करी प्रशिक्षणाची इमारत जळाली. नॅशनल गार्डचे सैनिक आले.

४ मे, सोमवार. दुपारी बाराला सभा होती. तिला बंदी होती. मी टेलर हॉलपाशी बघत उभी होते. संगिनी लावलेले सैनिक अश्रुधूर सोडत टेकडी चढून पलीकडे उतरले आणि थोड्या वेळाने परत वर आले. वाटलं, संपलं. तोच ते वळले आणि गोळ्या सुटल्या. १३ सेकंद, साठाहून जास्त गोळ्या. फुसक्या असतील, असं आधी पुष्कळांना वाटलं. मी जमिनीवर पालथी पडले होते. उठले तेव्हा किंकाळ्या ऐकू आल्या.

चौघं गेली. ॲलिसन क्राऊझ आणि विल्यम श्रोडर १९ वर्षांचे. सॅण्ड्रा शॉयर आणि जेफ्री मिलर २० वर्षांचे. नऊ जखमी झाले. सॅण्ड्रा तर तासाला चालली होती.

नंतर गावात अफवा उठल्या. मेलेल्या मुली गरोदर होत्या म्हणे, त्यांना गुप्तरोग होते म्हणे. सगळं खोटं. माझी घरमालकीण माझ्यासमोर हेच बोलली. मी पाहिलं होतं, तरी गप्प बसले. परदेशी मुलगी, व्हिसा जाईल ही भीती.

अकराव्या दिवशी, १५ मेच्या मध्यरात्रीनंतर, मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या. दोन तरुण मेले. त्याची चर्चा फारशी झाली नाही.

सरकारी आयोगाने केंटचा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला. शिक्षा कुणालाच झाली नाही. १९७९ साली तडजोड झाली : ६,७५,००० डॉलर आणि खेदाचं एक निवेदन.

बाई मेली की तिचं चारित्र्य काढायचं, म्हणजे मारणाऱ्याला कुणी विचारत नाही. आपल्या केसेसमध्ये आपण हेच बघतो. अशा वेळी जिने पाहिलंय तिने बोलायचं असतं. मी बोलले नाही, म्हणून आज सांगतेय. तुम्ही गप्प बसू नका.