आपत्ति आणि माणूस

आपत्ति माणसाला घडविते, असें मीं भिवंडीस मुलांना पुष्कळ वर्षें शिकविलें. आज मात्र शंका येते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत देहूच्या तुकारामांची पत्नी व मुलगा गेला, व्यापार बुडाला. तशीं घरें तेव्हां अनेकांचीं उजाड झालीं. सारेच तुकाराम झाले नाहींत. परंपरा सांगते कीं, धाकट्या भावाचा वाटा त्यास देऊन, आपल्या वाट्याचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं. उपाशी माणसानें दुसऱ्याचें ऋण सोडलें!

आमच्या गांवीं यंत्रमाग थांबले म्हणजे घरोघरच्या चुली मंदावतात. अशाच दिवसांत आपली अर्धी भाकरी सोबत्यास देणारा विद्यार्थी मीं वर्गांत पाहिला आहे. दुःख कोणास चुकत नाहीं. त्या वेळीं मूठ मिटावयाची कीं उघडावयाची, एवढें आपल्या हातीं उरतें.